आंबोलीच्या पावसाळी जंगलात मुक्काम: मुंबईतून निघण्याच्या दोन महिने आधीपासून परत येऊन बूट वाळवेपर्यंत

शनिवारी पहाटे मुंबईहून गाडी काढायची, दुपारी आंबोलीच्या धबधब्याखाली भिजायचे, रात्री जेवण झाल्यावर तासभर टॉर्च घेऊन फिरायचे आणि रविवारी दुपारी ‘काहीच दिसले नाही’ असे म्हणत परतीला लागायचे, हा क्रम मी इतक्या ओळखीच्या घरांत पाहिला आहे की तो एकदा नीट दुरुस्त करून लिहून काढणे मला गरजेचे वाटले. दोष बहुतेक वेळा जंगलाचा नसतो आणि नशिबाचाही नसतो. ताडोबाच्या सफारीची अपेक्षा मनात धरून सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात शिरल्यामुळे सगळे बिनसते. या जंगलात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. गवा, सांबर, बिबट्या येथे आहेत, पण ते क्वचितच समोर येतात. येथे भरभरून दिसतात ते बोटाच्या पेरापासून हातभर लांबीपर्यंतचे जीव, तेही प्रामुख्याने रात्री, पावसात आणि सावकाश चालणाऱ्याला. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीला धरून आहेत. उदाहरण सिंधुदुर्गातल्या आंबोलीचे घेतले असले, तरी पश्चिम घाटातल्या कोणत्याही पावसाळी जंगलात जाताना हाच क्रम उपयोगी पडतो.

## १. आधी जीव ठरवावा, मग महिना

आधी रजा मिळालेली तारीख पक्की करून मग ‘तेव्हा काय दिसेल’ असे विचारणे हा उलटा क्रम आहे. पावसाचे पहिले जोरदार सडाके पडतात त्या जूनच्या दिवसांत आंबोली टोड हा छोटा भेक जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, प्रजननासाठी बाहेर येतो. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा प्राणी जगात केवळ याच परिसरात आढळतो आणि त्याच्या प्रजननाचा काळ फार थोडा असतो. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंत मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा हिरवागार, बोटांमध्ये नारिंगी-तांबडे पडदे असलेला बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाची घरटी करतो. साप पाहायचे असतील, तर पाऊस थोडा ओसरल्यावरचा सप्टेंबर आणि ऑक्टोबर सोयीचा. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे, कारण धुके कमी असते आणि पानांवरून सतत पाणी टपकत नसते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जूनचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळावेत, कारण घाटातल्या धबधब्यावर तेव्हा वाहनांच्या रांगा लागतात आणि रस्त्यालगतची रात्रीची फेरी गोंगाटात वाया जाते. गणपतीचे दिवसही सोडून द्यावेत. चाकरमान्यांच्या गर्दीत तिकीट मिळणे कठीण असते, शिवाय ज्यांच्या घरी आपण उतरणार त्यांच्याकडेही सण असतो.

तपासून पाहा: आपल्या कुटुंबात कोणी ‘वाघ दिसणार ना?’ असे विचारत असेल, तर त्याला घरीच खरे काय ते सांगावे. सांगितले नाही, तर दुसऱ्या रात्री तो खोलीतून बाहेर पडत नाही आणि त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी मागे थांबावे लागते.

## २. मुक्कामाची जागा: फोनवर विचारायचे प्रश्न

‘इको’ हा शब्द पाटीवर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे छायाचित्रे पाहून जागा ठरवू नये. फोन करावा आणि पुढच्या गोष्टी सरळ विचाराव्यात. रात्रीची फेरी कोण नेते आणि तो माणूस याच गावातला आहे का? एका फेरीत किती जणांना नेता? आवारात रात्रभर दिवे चालू असतात का? कचरा कोठे जातो? गाणी लावता का? उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर दुसरी जागा शोधावी. फेरीत सहापेक्षा जास्त माणसे नेणाऱ्याकडे शक्यतो जाऊ नये, कारण अरुंद वाटेवर शेवटच्या माणसापर्यंत काही पोहोचतच नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: ‘पाहुण्यांना दाखवण्यासाठी साप किंवा बेडूक पकडून ठेवता का?’ काही वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी उतरलो होतो, तेथे सायंकाळच्या चहाबरोबर झाकण लावलेली प्लास्टिकची बादली अंगणात आणून ठेवली गेली आणि तिच्यात मलबारी चापडा हा विषारी साप होता. तो बादलीच्या भिंतीला अंग चिकटवून पुन्हा पुन्हा वर चढू पाहत होता आणि मुले वाकून फोटो काढत होती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये असे करणे गुन्हा आहेच, पण चापडा एकाच फांदीवर अनेक रात्री दबा धरून बसणारा साप असल्यामुळे त्याला उचलले की त्याची शिकारीची जागाच मोडते. तेव्हापासून हा प्रश्न विचारल्याशिवाय मी आगाऊ रक्कम भरत नाही.

सावधान: राखीव वनात रात्री परवानगीशिवाय शिरता येत नाही. गावातल्या माहीतगार वाटाड्याला गावाच्या रस्त्याकडेच्या, खासगी जमिनीवरच्या आणि परवानगी असलेल्या जागा ठाऊक असतात, म्हणून ‘आम्ही आमचे फिरतो’ हा बेत करू नये.

## ३. तिकीट आणि दिवसांचे गणित

किमान दोन रात्री हव्यात, तीन मिळाल्या तर उत्तम. पहिली रात्र डोळे आणि कान सरावण्यात जाते, एखादी रात्र पावसाने धुऊन निघते, म्हणून एका रात्रीचा बेत करणे म्हणजे जवळजवळ न जाणेच होय.

रेल्वेने जाणाऱ्यांनी सावंतवाडी रोड स्थानकाचे तिकीट काढावे. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस तेथेच संपते आणि मुंबई सीएसएमटीहून रात्री सुटणारी कोकणकन्या तेथे थांबते. तुतारीच्या बाबतीत एक चूक वर्षानुवर्षे होते. ती मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री घरून निघणाऱ्याचे तिकीट शनिवारच्या तारखेचे असावे लागते. शुक्रवारचे तिकीट हातात घेऊन फलाटावर आलेल्या माणसाची गाडी चोवीस तास आधीच गेलेली असते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे आपला महिना ठरला की आरक्षण उघडण्याचा दिवस दिनदर्शिकेत लाल शाईने मांडून ठेवावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होते आणि गाड्या सावकाश धावतात, म्हणून पोहोचल्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नये.

स्थानक सावंतवाडी शहरापासून काही अंतरावर आहे आणि तेथून आंबोलीपर्यंत सुमारे ३० किलोमीटरचा घाटरस्ता आहे. मुक्कामाच्या जागेकडूनच गाडी आधी सांगून ठेवावी. रोख रक्कम जवळ असू द्यावी, कारण पावसात नेटवर्क गेले की यूपीआय चालत नाही.

तपासून पाहा: निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान विभागाचा सिंधुदुर्ग जिल्ह्यासाठीचा इशारा पाहावा. लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता. अशा वेळी घाटात दरड येऊ शकते, म्हणून तिकीट वाया गेले तरी चालेल, पण बेत पुढे ढकलावा.

## ४. सामान: येथेच निम्मी फेरी जिंकली किंवा हरली जाते

माझी पहिली खेप मी जीन्स घालून आणि कॅमेरा एसी गाडीत ठेवून केली होती. जीन्स पहिल्या अर्ध्या तासात भिजून जड झाली आणि दोन दिवस वाळली नाही. त्याहून वाईट म्हणजे गाडीतून उतरून कॅमेरा डोळ्याला लावला, तर गार भिंगावर दमट हवेची वाफ धरलेली. मी पंच्याने भिंग पुसत होतो, तेवढ्यात वाटाड्याने दाखवलेला बेडूक उडी मारून दिसेनासा झाला. या दोन्ही गोष्टी टाळणे अगदी सोपे आहे.

कपडे पातळ, कृत्रिम धाग्याचे, लांब बाह्यांचे आणि फिक्या रंगाचे घ्यावेत. फिक्या कापडावर चढणारी जळू आणि गोचीड लगेच दिसतात. सुती कपडे खोलीसाठी ठेवावेत. पायात गमबूट उत्तम, पण ते मुंबईत आठवडाभर घालून पाहावेत, कारण नवे गमबूट पोटरीला घासतात. आतून गुडघ्यापर्यंत येणारे, घट्ट विणीचे जळवांचे मोजे घालावेत. छत्री नेऊ नये. एक हात अडकतो, फांद्यांना लागते आणि तिच्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात बेडकांचे आवाज ऐकू येत नाहीत.

टॉर्च दोन हव्यात. डोक्याला लावायची एक, वाट पाहण्यासाठी. हातातली एक, शोधण्यासाठी. केवळ डोक्यावरची टॉर्च लावली, तर पावसाळ्यात कीटक थेट चेहऱ्यावर येतात. दोन्हींचा प्रकाश कमी-जास्त करता आला पाहिजे, कारण पूर्ण उजेड पानावर पडला की ते पांढरे चमकते आणि त्यावरचा जीव दिसत नाही. जादा सेल घ्यावेत.

दुर्बीण घ्यायची असेल, तर आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. खिशात मावणारी छोटी दुर्बीण उन्हात चालते, पण झाडांखालच्या अंधूक उजेडात तिच्यातून सगळे काळसर दिसते. कॅमेरा झिपच्या जाड पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि गार जागेतून बाहेर काढल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नये. एसी खोली मिळत असली, तरी ती याच कारणासाठी नाकारावी.

सावधान: डास पळवणारे मलम हाताच्या तळव्यांना लावू नये. बेडकांची त्वचा पातळ आणि ओलसर असून ती श्वसनाचेही काम करते. ज्या पानाला किंवा दगडाला आपला हात लागतो, तेथे ते रसायन राहते. मलम मानेला, कानामागे आणि मनगटाच्या वरच लावावे.

## ५. मुंबईत करायचा सराव

आंबोलीला जाण्याच्या आधीच्या महिन्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दोन सकाळी घालवाव्यात. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे लक्षात ठेवावे. तेथे एकाच झाडापाशी वीस मिनिटे न बोलता उभे राहून पाहावे. पहिल्या पाच मिनिटांत काही दिसत नाही, दहाव्या मिनिटाला खारी आणि बुलबुल पुन्हा हालचाल करू लागतात आणि पंधराव्या मिनिटाला आपण आल्याआल्या काय पळवून लावले होते ते कळते. मुलांना नेणार असाल, तर हा सराव त्यांच्याकडूनही करून घ्यावा. कुलाबा-फोर्ट भागातल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. तिच्या निसर्गफेऱ्यांना जाणेही उपयोगी ठरते.

दुर्बीण डोळ्याला लावून हलणारा पक्षी पकडण्याचा सराव घराच्या खिडकीतूनही होतो. नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्याकडे आणायची, मान खाली घालायची नाही. बस्स, एवढेच.

## ६. पहिली दुपार

पोहोचल्यावर झोप काढावी, जेवावे आणि उजेड असतानाच वाटाड्याबरोबर रात्रीची वाट एकदा चालून यावे. निसरडा दगड कोठे आहे, ओढा किती भरला आहे, कुंपणाची तार कोणत्या उंचीवर आहे, हे दिवसा पाहिलेले रात्री पायांना आठवते. साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या फांद्या मान वर करून न्याहाळाव्यात. पानांच्या टोकाला साबणाच्या फेसासारखा, मुठीएवढा पांढरा गोळा लोंबत असेल, तर ते ग्लायडिंग फ्रॉगचे घरटे होय. वरचा थर वाळून पिवळसर, कडक झालेला असतो, आतले मात्र ओलसर राहते. पिल्ले तयार झाली की फेस खालून विरघळू लागतो आणि ती एकेक करून खालच्या पाण्यात गळतात. फांदी ओढून जवळ आणली, तर ती सुटताना घरटे पाण्याऐवजी जमिनीवर पडते आणि सगळी पिल्ले मरतात.

हिरण्यकेशी नदीच्या उगमावरच्या देवळाकडे गेलात, तर कुंडातल्या माशांना चुरमुरे किंवा बिस्किटे घालू नयेत आणि त्यात पाय धुऊ नयेत. येथील छोट्या माशाला २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले आणि २०२१ साली हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला.

## ७. रात्रीची फेरी

आठच्या सुमारास निघावे आणि तीन तास हातात ठेवावेत. या तीन तासांत एक किलोमीटरहून जास्त चालणे झाले, तर आपण घाई केली असे समजावे.

पहिला नियम पायांचा. डांबरी रस्त्यावरून जातानाही प्रत्येक पाऊल प्रकाशात पाहूनच टाकावे, कारण पावसाळी रात्री बेडूक आणि भेक रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली मोठ्या संख्येने चिरडले जातात. स्वतःची गाडी असेल, तर ती मुक्कामालाच ठेवावी.

दुसरा नियम डोळ्यांचा. हातातली टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर, कानशिलाजवळ धरावी. कमरेपाशी धरलेल्या टॉर्चने प्राण्याच्या डोळ्यांतून परतलेली चमक आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही. कानशिलाजवळ धरताच जमिनीवरच्या गवतात दवबिंदूंसारखे हिरवट-निळे ठिपके लुकलुकू लागतात. ते कोळी असतात. झाडावर दोन मोठे ठिपके दिसले आणि ते हलून पुन्हा दुसऱ्या फांदीवर उमटले, तर उदमांजर असू शकते.

तिसरा नियम कानांचा. दर वीस-पंचवीस पावलांनी सर्वांनी थांबून दिवे विझवावेत आणि दोन मिनिटे ऐकावे. झुडपांतून येणारी टिक-टिक बुश फ्रॉगची असते. आवाजाचा बेडूक शोधताना दोघांनी एकमेकांपासून दहा फुटांवर उभे राहून आपल्याला जिकडून आवाज येतो त्या दिशेने बोट दाखवावे. दोन्ही रेषा जेथे मिळतात, त्या पानाच्या आसपास तो असतो. एकट्याने शोधणारा नेहमी फार पुढचे झुडूप धुंडाळतो. ओढ्याकाठी वर लोंबणाऱ्या पानांवर अंड्यांचे पारदर्शक पुंजके दिसले, तर तेथे बॉम्बे नाईट फ्रॉग शोधावा. मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ त्याच्या शास्त्रीय नावात ‘हुमायूनी’ आले आहे.

चापडा शोधताना उंच झाडांवर प्रकाश टाकण्याची गरज नसते. ओढ्याजवळच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीच्या फांद्या पाहाव्यात. हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत तो आढळतो आणि वेटोळे करून इतका निश्चल बसतो की शेजारच्या वाळक्या पानांत मिसळून जातो. म्हणूनच तोल जाताना फांदी धरण्याची सवय या जंगलात घातक आहे. हातात काठी ठेवावी.

सावधान: सापापासून किमान सहा फूट दूर राहावे. सड्यावरचे दगड उलटवू नयेत, कारण टोड त्यांच्याखालीच दडलेले असतात आणि परत ठेवलेला दगड पूर्वीसारखा बसत नाही. एका जीवाचे दोन-तीन फोटो झाले की दिवा बाजूला करावा. वाटाड्याने एखादा प्राणी हातात घेऊन ‘या, फोटो काढा’ म्हटले, तर त्याला नम्रपणे नको म्हणावे. पाहुणे मागतात म्हणूनच तो तसे करतो.

परत फिरण्यापूर्वी एका दाट जागी सर्व दिवे विझवून दहा मिनिटे थांबावे. पाऊस भरपूर झाला असेल, तर कुजलेल्या लाकडांवर प्रकाशणारी बुरशी दिसू शकते. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि मध्येच कोणी मोबाइल पाहिला, तर पुन्हा सुरुवातीपासून दहा मिनिटे.

## ८. पहाट

दुसऱ्या दिवशी सहाला उठून मुक्कामाच्या आवारातच बसावे. मलबारी शीळकरी कस्तूर माणसाने शीळ घालावी तसा गातो. उंच फांद्यांतून खडखडाट करणारा शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, फळे धरलेल्या झाडावर पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या मागे धावू नये, झाड ओळखून तेथेच थांबावे.

## ९. जळवा, गोचीड आणि दंश

जळू लागली, तर मीठ, तंबाखू किंवा काडेपेटी वापरू नये आणि ती ओढूनही काढू नये. नख त्वचेला टेकवून तिच्या बारीक टोकाच्या तोंडाकडून सरकवावे, ती सुटते. रक्त बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेतला एक घटक ते गोठू देत नाही. साबणाने धुऊन पट्टी बांधावी. जखम उघडी ठेवून साचलेल्या पाण्यात मात्र उतरू नये. लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका मुंबईकरांना वेगळा सांगायला नको.

हिवाळा-उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी गोचिडांपासून अधिक जपावे. गोचिडांमुळे पसरणारा माकडताप सिंधुदुर्गात २०१६ पासून आढळला आहे आणि तो प्रामुख्याने कोरड्या महिन्यांत होतो. परतल्यावर काही दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना ‘जंगलात जाऊन आलो’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

सर्पदंश झाल्यास दोरी आवळून बांधणे, चिरा देणे आणि चोखणे हे तिन्ही टाळावे. अवयव न हलवता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर तयार होते, चापड्याच्या विषावर नाही, म्हणून चापड्याशी जवळीक करणाऱ्या कोणालाही हे आधीच स्पष्ट सांगावे.

तपासून पाहा: लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि रात्री गाडी कोण काढेल, ही दोन उत्तरे मुक्कामाला पोहोचल्या पोहोचल्या विचारून कागदावर लिहून ठेवावीत.

## १०. परतताना

निघण्यापूर्वी बुटांचे तळ घासून चिखल तेथेच काढावा आणि घरी आल्यावर बूट पुन्हा धुऊन पूर्ण वाळवावेत, कारण एका ओढ्यातली बुरशीजन्य रोगाची बीजे ओल्या तळव्यांतून दुसऱ्या ओढ्यापर्यंत जाऊ शकतात. मुंबईच्या दमट हवेत बूट आपोआप वाळत नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते पंख्याखाली ठेवावेत आणि बोळे सकाळ-संध्याकाळ बदलावेत. टॉर्चमधले सेल काढून ठेवावेत. काय, कोठे, किती वाजता आणि कशा पावसात दिसले, हे गाडीतच वहीत लिहावे. फोटो समाजमाध्यमांवर टाकताना दुर्मीळ बेडकाच्या किंवा सापाच्या नेमक्या जागेचा उल्लेख काढून टाकावा, ‘आंबोली’ एवढे पुरे.